वजनखोलीतली पांढरी पूड

माझे अक्षर वाकडे आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकते. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाच्या हाती पडलेच तर सांभाळून घ्यावे.

आमचे हे पिंपरीच्या औषध कारखान्यात केमिस्ट होते. इंजेक्शनची पांढरी पूड वजन करायचे काम. संध्याकाळी घरी यायचे ते डोळे सुजवून. मग खोकला, छातीत शीळ. डॉक्टर म्हणाले, "ही पूड तुम्हाला बाधते. लांब राहा, नाहीतर एक दिवस श्वास अडकेल." पण साहेबांना सांगायची यांची तयारी नव्हती.

"केमिस्टलाच पूड बाधते म्हटल्यावर कोण ठेवील? स्टोअरमध्ये डबे मोजायला बसवतील."

मी कोणाशी बोलणार? वसाहतीतल्या बायका मॅट्रिक झालेल्या. मी दाराआडून त्यांचे हसणे ऐकायची.

संक्रांतीला साहेबांच्या घरी हळदीकुंकू होते. सगळ्यांनी नावे घेतली. माझी पाळी आली आणि मी पदराचे टोक चाळत बसले.

"अगं, घे की! का नवरा उसना आणलाय?" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

माझ्या तोंडून निघून गेले,

"जगाला देती औषध, स्वतःचा कोंडतो श्वास,
…रावांचं नाव घेते, हळदीकुंकवाला खास."

"वा, वा!" टाळ्या झाल्या. साहेबांच्या पत्नीचा कुंकवाचा हात मात्र तसाच राहिला.

"खरंच कोंडतो का गं?"

मी मान हलवली. मघाची शेजारीण हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांच्याही हातांची सालं निघतात, वहिनी." मग कोणी हसले नाही.

महिन्याभरात वजनखोलीत हवा ओढणारा पंखा बसला. तोंडाला बांधायला जाळीच्या पट्ट्या मिळाल्या. कोट कारखान्यातच धुवायचे, अंघोळ करूनच घरी जायचे, असे ठरले. आणि यांना स्टोअरमध्ये बसवले.

"हळदीकुंकवात वाण म्हणून माझी अब्रू वाटलीस," हे म्हणाले. त्यानंतर कामापुरतेच बोलायचे.

स्टोअरवाल्यांना वसाहतीत घर नव्हते. चिंचवड गावठाणात खोली घेतली. आगाऊ भाड्याला खेडच्या माझ्या भावाने उसने पैसे दिले. तिथे तर ओळखीचे दारही नव्हते. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी भांडी घासता घासता थांबून ऐकायची. शीळ नव्हती. श्वास सरळ चालला होता. हे बोलत नव्हते तरी तेवढे ऐकून मी पुन्हा भांड्यांना हात घालायची.

पगार कमी झाला होता, म्हणून भावाचे पैसे थोडे थोडेच फिटत गेले. शेवटचा हप्ता द्यायला हे स्वतः खेडला गेले. परत आले, चप्पल काढली आणि पाटावर माझ्याकडे तोंड करून बसत म्हणाले, "दिले सगळे. आता काही राहिले नाही."