खलाशीताईचं पिंप

हातात सफरचंदाच्या रसाचा ग्लास धरून तावातावाने बिअरची बाजू घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती स्वतः दारूच्या थेंबालाही शिवत नसे. बर्लिनला ज्या वेगेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सामायिक घरात, मी राहत होतो, तिथे ती माझ्या शेजारच्या खोलीत होती. मूळची सांगलीची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. जुन्या शिडाच्या जहाजांवर लोक काय पीत, यावर ती पीएच.डी. करत होती. आम्ही तिला खलाशीताई म्हणत असू.

"खलाशी दारुडे नव्हते रे, तहानलेले होते," हे तिचं पालुपद. पिंपातलं पाणी लवकर नासतं म्हणून बिअर न्यायची, बिअर आंबली की पाण्यात रम घालायची, हिरड्या सुजू नयेत म्हणून वर लिंबू पिळायचं. हे सगळं ती भात कालवता कालवता सांगायची आणि मी मान हलवली की "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून पुढचा घास घ्यायची.

एका जुन्या पुस्तकात तिला सापडलं होतं की पिंपातलं पाणी आधी कुजतं, भयंकर वास मारतं आणि मग आपोआप निवळून गोड होतं. हे खरं का, ते तिला पाहायचं होतं. एप्रिलमध्ये तिने ओकचं एक छोटं पिंप आणून त्यात नदीचं पाणी भरलं आणि बाल्कनीत ठेवलं. जूनपर्यंत आम्ही बाल्कनीचं दार उघडणं सोडून दिलं होतं.

जुलैमध्ये माझी आई आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही युनिव्हर्सिटीत असताना तिने ते पिंप ओतून टाकलं, चिंच लावून घासलं, ताजं पाणी भरलं आणि वर स्वच्छ फडकं बांधलं. "प्यायच्या पाण्याची काय ही दशा! मुली शिकतात, पण पिंप घासत नाहीत," ती म्हणाली.

मी आईवर भडकणार, तेवढ्यात खलाशीताई म्हणाली, "बरं झालं काकू, घासायलाच झालं होतं." तिची शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपत होती, त्याबरोबर व्हिसाही. प्रबंध सांगलीहून पाठवता आला असता, पण शेवटचं प्रकरण त्या पिंपावर अडलं होतं. पुन्हा नदीचं पाणी आणताना ती मला एवढंच म्हणाली, "तीन महिने गेले. काकूंना बोलू नकोस."

मी बोललोच. आई दोन दिवस नीट जेवली नाही. पुण्याला परतल्यावर दर फोनला पहिला प्रश्न, "त्या मुलीचं पाणी निवळलं का?"

निवळलं नव्हतं. सप्टेंबरअखेर ताई गेली तेव्हा वास ऐन भरात होता. विमानतळावर तिने माझ्या हातात वही दिली. "रोज वास घ्यायचा आणि मला मेल करायचा. नाक मुरडायचं नाही." मी इमानदारीने रोज पिंपात नाक घालत राहिलो.

ऑक्टोबरच्या एका सकाळी वास आला नाही. मी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, उजेडात धरलं आणि उकळायचा मोह आवरून एक घोट प्यायलो. मेल केला: "प्यायलो. नुसतं पाणी आहे, थोडं लाकडाच्या चवीचं."

पाच मिनिटांत उत्तर आलं, "आधी काकूंना फोन कर."

केला. आईने "खरंच निवळलं?" असं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "झाकून ठेव हो नीट."