तिच्या तक्रारीखाली मी लिहिलं ते

हे मी लेकाला सांगितलं नाही, सुनेलाही नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी बोलून उठते. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

लातुरात माझं मुलींचं वसतिगृह आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून क्लासला आलेल्या बावीस पोरी. भूकंपात निलंग्याकडचं आमचं घर बसलं, तेव्हा इथं आलो; आधी डबे केले, मग एकेक खोली चढवली. हे सांगून मी माझं ओझं हलकं करतेय का? असेल. सोडून द्या.

हल्ली आईबाप आधी मोबाइलवर वसतिगृहाला किती तारे दिलेत ते बघतात, मग खोली. मला त्याची लई चटक लागली होती. चहाच्या आधी चष्मा लावून वाचायची, कुणी काय लिहिलं. आणि ऐन ॲडमिशनच्या दिवसांत एका पोरीनं एकच तारा दिला. टाकीच्या पाण्यात अळ्या आहेत, तीनदा सांगितलं, काकू ऐकत नाहीत.

तीनदा सांगितलं होतं. खरं होतं.

शिरूर अनंतपाळची पोर. परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती, आणि या वेळी तिचा नंबर लागलाच असता. दर रविवारी तिची आई एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायची. बस पाचची, पण कधी सहाला, कधी साडेसातला यायची. ही आपली स्टँडवर ताटकळत. जायची मला विचारून. आल्यावर डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी मला वाढायची.

आणि मी काय लिहिलं? एका बोटानं, अक्षरं शोधून शोधून — तिचं पूर्ण नाव, आणि पुढं, "बस पाचला येते, तू आठला येतेस. मधले तीन तास कुठं असतेस, ते आधी घरी सांग."

एका पोरीचं नाव, चारचौघांत, असं. काय होईल ते मला कळत नव्हतं? कळत होतं — म्हणून तर लिहिलं.

गावात कुणीतरी तिच्या वडलांना वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी ते आले. पेटी बांधून झाली. मला म्हणाले, "अक्का, तुमी सांगितलं म्हनून कळलं. न्हाईतर लेकरू हातचं गेलं असतं."

ती दारात उभी होती. माझ्याकडं बघत होती — रडत नव्हती, नुसती वाट बघत होती. बस उशिरा येते हो, दादा. एवढंच म्हणायचं होतं. पण जिन्यात दोन पालक खोली बघायला थांबले होते.

मी चहा ठेवला.

टाकी धुतली — ती गेल्यावर. तिची तक्रारही मोबाइलवरून गेली, कुणी काढायला लावली ते माहीत नाही. माझं उत्तर मी नंतर पुसलं.

दिवाळीनंतर वडील तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. म्हणाले, तुम्ही आलंच पाहिजे. मी गेले. तिला साडी नेसवली, पंगतीत जेवले. मांडवात ती माझ्या पायाशी वाकली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं — सुखी राहा.