शिवी नव्हे, बदनामी

नोकरीतले कितीतरी खुनाचे तपास विसरलो, पण वडशाजवळच्या एका सुईणीची तक्रार विसरता आली नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी त्या भागात ठाणेदार होतो.

एके सकाळी कोतवाल खबर घेऊन आला. तळ्यावर मासेमारी करणाऱ्या त्याच्या गावातून एका विधवा सुईणीला मंगळवारी बाहेर काढणार होते. तिने बाळंतपणात बाळ मारलं, असा बोभाटा होता. मी तिला बोलावून घेतलं. हवालदाराने डायरीत ‘शिवीगाळ’ लिहिलं.

“शिवी नाई जी,” ती म्हणाली. “तोंडावर शिवी देली असती, त मीबी देली असती. हे पाठीमागं बोलून राह्यले. जवाब कोनाले देऊ?”

मी तो शब्द खोडला. ‘निंदा’ही बसेना; निंदा खऱ्या दोषाचीही होते. शेवटी ‘बदनामी’ लिहिलं. कायद्याच्या भाषेत ती अब्रुनुकसानी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा. फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं, एवढंच आमच्या हाती.

“तिथी मले कोन वळखते? माहं नाव त गावात गेलं.”

बाळ मारल्याचा आरोप मात्र दखल घेण्याजोगा होता. तोच आधार धरून मी गावात गेलो.

“तू पाहिलंस?” मी एकेकाला विचारत गेलो.

“नाई जी, आयकलं.”

“कोणाकडून?”

दहा-बारा जबाबांनंतर माग त्या बाळाच्या आजोबांपाशी येऊन थांबला. गावात मान असलेला म्हातारा.

“बाळ मेलेलंच आलं, साहेब. दुःखात मी एवढंच म्हनलो, तिच्या हाताले यश नाई. मारलं असं नाई म्हनलो.”

घरच्या बायकांनीही तेच सांगितलं. ‘यश नाही’चं ‘मारलं’ व्हायला दोन आठवडी बाजार पुरले होते.

मी सुईणीला तिथे बोलावलं, तेव्हा म्हातारा तिची माफी मागू लागला.

“माफी नको, भाऊ. साहेबाले सांगतलं, ते चावडीवर सांगा.”

मंगळवारी तो चावडीवर उभा राहिला. “पयला शब्द माहा होता. बाळ मेलेलंच आलं. बाईनं माह्या सुनेचा जीव वाचवला, ते मी कोनाले सांगतलं नाई.”

बाई उठून घरी गेली. तिला गावाबाहेर काढलं नाही, पण वर्षभर कोणी बाळंतपणाला बोलावलंही नाही. पहिलं बोलावणं आलं, ते त्याच म्हाताऱ्याच्या घरून.

त्या म्हाताऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. खरं अर्धं ठेवलं होतं. तेव्हापासून कुणाचाही जबाब लिहून झाला, की सही घेण्याआधी मी विचारत असे, “सांगायचं काय राहिलं?”