गुळगुळीत डोक्याचा ट्रायलोबाइट

आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात ट्रायलोबाइटचे नऊ जीवाश्म आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळावर सरपटणारे हे जीव आता दगड झालेत. नऊही एरवी अगदी सारखे. आठांच्या डोक्यावर बारीक दाणे आहेत, एकाचं डोकं मात्र गुळगुळीत. म्हणून मी त्याची जात वेगळी ठरवली, तशी चिठ्ठी चिकटवली आणि निवृत्त होईपर्यंत मुलांना तेच शिकवलं.

परवा विभागात गेलो, तेव्हा माझ्या जागी आलेल्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं.

"सर, इथे सुईचे ओरखडे दिसताहेत," त्या हळूच म्हणाल्या. "दाणे होते. साफ करताना गेले असावेत."

साफ मीच केला होता. वरचा दगडाचा पापुद्रा काढण्याच्या नादात सुई खोल गेली असणार. आधी मीच खरवडलं आणि मग त्या खरवडलेपणालाच जात म्हटलं. त्याचा भिंगाभिंगांचा डोळा तेवढा शाबूत होता. मला तिकडे बघवेना.

आमची धाकटी मुळातच अबोल, थोरलीसारखी नाही, असं मी आल्यागेल्याला सांगत आलोय. लहानपणी जेवताना तिची अखंड बडबड चालायची, आणि मी तिला रोज गप्प बसवायचो, हे मात्र कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली. "ठेवू, बाबा?"

"थांब. बोल ना काहीतरी."

"काय बोलू?" तिनं विचारलं.