फळीवरचा दिवा

रिकाम्या जागी दिवा जळताना दिसला की अप्पांना राहवत नसे. बारसं असो, साखरपुडा असो, माणसं जेवायला उठली की अप्पा जाऊन बटण बंद करत. "दिवो कोणासाठी जळता?" एवढंच विचारत. गणपतीपुढचा मात्र ठेवत. "तो बसलो आसा ना," म्हणत.

आमचे शेजारी अप्पा गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडली आणि दहिसरच्या आमच्या बैठ्या चाळीत ते दिवसभर दिसू लागले. चाळीत शिरताना उघडं गटार होतं, त्यावर एक फळी. एका संध्याकाळी लायब्ररीतून येताना अंधारात माझा पाय फळी सोडून गटारात गेला. आईने आंघोळीला पाणी तापवलं आणि निकाल दिला, "उद्यापासून दिवेलागणीच्या आत घरात. नाहीतर कॉलेज बंद!" एका खोलीत आम्ही सहा माणसं. लायब्ररी सुटली की बी.ए. सुटलंच. आमच्या घरात तोवर दहावीसुद्धा कोणी पाहिली नव्हती.

अप्पांनी हे भिंतीपलीकडून ऐकलं. रविवारी त्यांनी फळीखाली स्प्रिंग आणि दारावरच्या घंटीचं बटण बसवलं, बटणाला सायकलची ट्यूब गुंडाळली, वर एक दिवा टांगला आणि वायर स्वतःच्या मीटरवरून ओढली. फळीवर पाय पडला की वरचा दिवा लागे, उतरलं की विझे. आईने चारदा ये-जा केली आणि कॉलेज चालू ठेवलं.

कुत्र्यांनी दिवा लावू नये म्हणून स्प्रिंग घट्ट होती. त्यात मीही कुत्र्यांत जमा झाले. माझ्या वजनाला दिवा लागेना.

"थोडी सैल करा ना, अप्पा."

"मगे कुत्रे पेटवतले. तू पुस्तकां घेवन ये गो."

मी लायब्ररीतलं सर्वांत जाड अर्थशास्त्र काढलं. अभ्यासासाठी नव्हे, स्प्रिंगसाठी. दिवा लागला. मग एवढं ओझं आणलंच आहे म्हणून वाचूनही काढलं.

शेवटच्या पेपरला निघाले तेव्हा अप्पा ओट्यावर होते. "पुस्तकां खंय?"

"आज नकोत. शेवटचा पेपर."

त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं. पेपरनंतर मैत्रिणींबरोबर जुहूला भेळ खाल्ली, परत येईतो अंधार पडला. हातात फक्त पेन आणि हॉल तिकीट. फळीपाशी थबकले, चाचपत पाय ठेवला. दिवा लागला.

त्या दिवसापासून चाळीतली सगळी कुत्री दिवा लावू लागली. आईने टोमणा मारलाच, "अप्पा, आता कोणासाठी जळतो हो?"

"त्यांचीय परीक्षा असतली," म्हणून अप्पा आत गेले.

मे महिन्यात घर मुलाच्या हवाली करून ते गावी गेले. निकाल लागल्यावर मी त्यांना कार्ड टाकलं: सेकंड क्लास. उत्तर दोन ओळींचं आलं. "पास झालंस, बरां झाला. आता स्प्रिंग घट्ट करून घे."

मी केली नाही. अप्पांचं न ऐकण्याइतकी मी आता शिकले होते.