जरा चहा पिऊन येते

माझी आत्या ही एकच बाई नाही, असं माझं लहानपणापासूनचं ठाम मत आहे. ती उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स. तिथे कुठल्याच सिस्टरला एका वॉर्डात फार काळ ठेवत नाहीत. काही महिने झाले की रोटेशन. त्यामुळे मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांतून अधूनमधून एक आत्या जाई आणि तिच्याच साडीत दुसरी येई. हाडांच्या वॉर्डातली आत्या पाहुण्यांचं तोंड बघायच्या आधी त्यांची चाल बघायची, आणि 'बसा' म्हणण्यापूर्वी गुडघा कधीपासून दुखतो ते विचारायची. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आत्याने तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनाही डिंकाचे लाडू खायला घालून दुपारी झोपायची सक्ती केली होती. मी लग्न ठरवलेल्या मुलीला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आत्या नेमकी डोळ्यांच्या वॉर्डात. तिने मुलीला खिडकीशी नेलं, खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि मुलगी चांगली आहे, फक्त चष्मा लागेल, असा निकाल दिला. आज माझ्या बायकोला चष्मा आहे.

दर रोटेशनला ती दोन दिवस फुगून बसायची. आम्ही काय कॅरमच्या सोंगट्या आहोत का, उद्याच राजीनामा देते, वगैरे. आठवड्याभरात नव्या वॉर्डाच्या इतकी प्रेमात पडायची की जुना आठवतही नसे. जुन्या वॉर्डाचा निरोप मात्र तिने कधी घेतला नाही. शेवटच्या ड्युटीला पेशंटना म्हणायची, जरा चहा पिऊन येते, आणि चालू पडायची. निरोप घेतला की पेशंटचं बीपी वाढतं आणि नव्या सिस्टरला ताप होतो, हे तिचं शास्त्र.

मग तिला नवजात बाळांचा वॉर्ड मिळाला, आणि आमचं घर कुजबुजायला लागलं. काचेच्या पेट्यांत झोपलेल्या, तळहाताएवढ्या बाळांमधून ती घरी यायची ती जणू अजून झोपेतच चालत. हातांना साबणाचा वास, आवाज पिसासारखा. आईने कुकरची शिट्टी काढून ठेवली. दारावरच्या बेलला कापूस गुंडाळला गेला. बाबा क्रिकेट आवाज बंद करून बघू लागले आणि सिक्सरलाही नुसते हात वर करत. कुठल्या बाळाने आज डोळे उघडले, कुणाचं वजन वाढलं, हे ती सांगायची तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून ऐकायचो. त्या दिवसांत ती फार सुंदर दिसायची.

रोटेशनची वेळ आली तेव्हा या खेपेला ती फुगली नाही. सरळ मेट्रनबाईंकडे गेली आणि इथून हलवलंत तर नोकरी सोडते म्हणाली. बाईंनी तिला राहू दिलं. आम्ही पेढे वाटले, तेही दबक्या आवाजात.

वर्ष उलटून गेलं. कुजबुज राहिली, गोष्टी मात्र थांबल्या. आत्या ड्युटीवरून येऊन गॅलरीत बसायची आणि येऊरच्या डोंगरांकडे बघत राहायची. पाहुणे लंगडत आले तरी ती काही विचारेना. एकदा म्हणाली, आता नोकरीच सोडावी. या वेळी आवाजात फुगवा नव्हता, म्हणून मी घाबरलो. मी शेजारी जाऊन बसलो.

"बरी झालेली बाळं आईच्या कुशीतून घरी जातात रे," ती म्हणाली. "जी वाचली नाहीत, ती तिथेच राहतात. मीपण तिथेच राहिले ना, मग रोज दिसतात. सारखं हलवत होते म्हणून इतकी वर्षं नोकरी झाली बघ माझी."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन रोटेशन मागून आली. पुन्हा हाडांचा वॉर्ड.

बाळांच्या वॉर्डातल्या शेवटच्या दुपारी ती घरी आली तेव्हा आईने तिच्यापुढे चहा ठेवला. कप गॅलरीच्या कठड्यावर ठेवून ती डोंगरांकडे बघत बसली. बाळांना काय सांगितलंस, असं मी विचारलं.

"नेहमीचंच. जरा चहा पिऊन येते म्हटलं."

थोड्या वेळाने मी म्हणालो, "गार होतोय गं, आत्या."

"होऊ दे," ती म्हणाली. "संपवला तर परत जावं लागेल ना."

चहावर साय धरली. आम्ही दोघंही त्या कपाला हात न लावता ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिलो.