नसलेला गाल

मी काळुराम. पेणला गणपतीचा कारखाना चालवतो आणि तोंडाचा फटकळ आहे, ते आधीच सांगून टाकतो. कासू गावची गिरजाबाई माझ्याकडे पंचवीस वर्षं होती. साच्यातून निघालेल्या शाडूच्या मूर्तीवर ओलं बोट फिरवून ती मूर्ती गुळगुळीत करायची. सत्त्याण्णव साली एकदा ती पाण्याचं भांडं चाचपडताना मला दिसली. डोळे गेले म्हणजे काम बिघडणार. "एवढा आठवडा कर नि घरी बस गो," मी सांगून मोकळा झालो.

त्याच आठवड्यात माझी भाची मृणाली मुंबईहून आली. ती तिथल्या कॉलेजात संशोधन करायची. टेम्पोतून कॉम्प्युटर आणला, त्याला जोडलेला एक लोखंडी हात, टोकाला शिंप्याचं असतं तसं अंगुस्तान. त्यात बोट घालून पुढं ढकललं की हवेतच अडायचं. समोर काही नाही आणि बोटाला गणपतीचा गाल लागतोय! मला भानामतीच वाटली. त्या गालावर मृणाली बारीक उंचवटा ठेवायची, कधी काढून टाकायची. उंचवटा दरवेळी आणखी कमी. बोटाला कुठवर कळतं, ते तिला बघायचं होतं.

मी तिसऱ्या खेपेलाच चुकलो आणि यंत्राला शिव्या घातल्या.

"मामा, नाचता येईना अंगण वाकडं," मृणाली म्हणाली.

मग गिरजाबाई बसली. सवयीनं तिनं आधी बोट पाण्यात बुडवलं. मृणालीनं घाईनं तिचा हात धरला.

"मावशी, पाणी नको, करंट आहे."

"कोरड्या बोटाला काय कळल गो?" पुटपुटत तिनं बोट पुसलं. मग बराच वेळ चाचपत राहिली. "कुटली माती ही?"

"माती नाही, नुसतं गणित आहे."

"बरं मऊ हाय गणित."

उंचवटा कमी होत गेला. "हाय," ती म्हणायची, "अजून हाय." मृणालीनं तो गुपचूप काढला, तर लगेच म्हणाली, "आता नाय." स्क्रीनवर मला तो उंचवटा पहिल्यापासून दिसलाच नव्हता.

"मावशी, तुम्ही स्क्रीनकडं एकदाही बघितलं नाही?"

"बघून काय करू? दोन वर्सं झाली, मला उजेड तेवढा कळतो."

मी चरकलो. दोन हंगाम तिच्याच हातच्या मूर्ती मी गिऱ्हाइकांपुढं मिरवल्या होत्या.

"मग बोलली का नाय गो?"

"बोलली असती तर ठेवली असती, शेट?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "नाय," म्हणालो.

गिरजाबाईनं मान हलवली आणि मृणालीकडं वळली. "लाव गो पोरी, अजून एक गाल. सोमवारपास्नं या बोटाला काम नाय."

मला माझीच लाज वाटली. "सोमवारी वेळेवर ये," मी म्हटलं.